पणजीचे नाव काय?

पितृपंधरवडा आला की घरोघरी खीर-वड्यांचा स्वयंपाक होतो, कावळ्यासाठी पान ठेवले जाते. वर्षानुवर्षे आपण हे करतो, पण करतो म्हणजे नेमके काय करतो? चेन्नईच्या वेलचेरीतल्या एका मराठी घरात या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले, त्याची ही हकिगत.

आदल्या दिवशी संध्याकाळी गुरुजी सामानाची यादी द्यायला आले. काळे तीळ, दर्भ, जव, तूप, मध, केळीची पाने. यादी लिहून झाल्यावर त्यांनी आपली डायरी उघडली आणि माझ्या मावसबहिणीला विचारले, "वडिलांचं नाव मला ठाऊक आहे. आजोबांचं सांगा." तिने सांगितले. "पणजोबांचं?" तेही सांगितले. "आजीचं?" सांगितले. "आणि पणजीचं?"

ती मावशीकडे बघू लागली. मावशी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बघू लागली.

"मी त्यांना पाहिलंच नाही गं," मावशी म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. घरात सगळे त्यांना आज्जीच म्हणायचे. नाव कधी निघालंच नाही."

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तंजावूरच्या मराठी घराण्यातले. मावशी पुण्याची, पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन मद्रासला आली आणि तिथलीच झाली. काकांना जाऊन वर्ष उलटले होते आणि हा त्यांच्या नावाचा पहिलाच महालय. त्यांना मुलगा नाही. एकच मुलगी, म्हणजे माझी ही मावसबहीण. ती तिथेच एका कॉम्प्युटर कंपनीत काम करते. "बाबांचं मीच करणार," असे तिने ठरवले होते आणि सोबत म्हणून मला बोलावून घेतले होते.

काका दर अमावास्येला तर्पण करीत. सकाळी आंघोळ करून दक्षिणेकडे तोंड करून बसत आणि ओठातल्या ओठात नावे घेत. त्यांना ती पाठ होती, त्यामुळे ती मोठ्याने म्हणायची गरज कधी पडली नाही आणि दुसऱ्या कुणी ती ऐकलीही नाहीत. एक वही होती म्हणे. तिच्यात सगळ्यांची नावे, तिथी, गोत्र असे लिहून ठेवलेले होते. पण २०१५च्या डिसेंबरमध्ये चेन्नईत महापूर आला, वेलचेरीतल्या कितीतरी घरांचे तळमजले पाण्याखाली गेले, त्यात खालच्या कपाटातली ती वहीही गेली. काकांनी तेव्हा मनावर घेतले नव्हते. "मला तोंडपाठ आहे," ते म्हणाले होते.

आणि ते तोंडपाठ असलेले सगळे त्यांच्याबरोबर गेले.

यमाचा दंड आणि वेलचेरी

आज वेलचेरी म्हटले की उड्डाणपूल, मोठमोठी दुकाने, लोकल गाडीचे स्टेशन आणि नोकरदारांचे फ्लॅट डोळ्यांपुढे येतात. पण हे गाव जुने आहे. इथल्या दंडीश्वराच्या देवळात चोळकाळातले शिलालेख आहेत. 'वेदश्रेणी'चे वेलचेरी झाले, इथे वेदांनी शिवाची उपासना केली, असे स्थानिक लोक सांगतात. आणखी एक कथा सांगतात, ती आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे.

मार्कंडेयाचा प्राण न्यायला आलेल्या यमाला शंकराने लाथ मारली, ही गोष्ट आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. वेलचेरीची कथा त्यापुढची. त्या प्रसंगात यमाचा दंड गेला, म्हणजे त्याचा अधिकारच गेला. मग त्याने या ठिकाणी शिवाची आराधना केली आणि दंड परत मिळवला. म्हणून इथला देव दंडीश्वर आणि देवी करुणांबिका. मृत्यूच्या देवाचा अधिकार जिथे त्याला परत मिळाला, तिथेच शेजारी करुणेच्या नावाची देवी उभी आहे, हे मला फार आवडले.

तमिळ मुलखात पितरांचा मान मोठा. तिरुक्कुरळ या प्राचीन ग्रंथात गृहस्थाने ज्या पाचजणांची काळजी घ्यायची त्यांत पितरांचे नाव पहिले येते. देव, पाहुणे, आप्त आणि आपण स्वतः, हे सगळे त्यांच्यानंतर. पितरांसाठी तिथे 'तेन्पुलत्तार' असा शब्द आहे, म्हणजे दक्षिणेकडे राहणारे. आपल्याकडेही दक्षिण ही यमाची आणि पितरांचीच दिशा.

आषाढातली, पौष-माघातली आणि महालयाची अशा तीन अमावास्यांना चेन्नईचा मरीना किनारा आणि मैलापूरच्या देवळाची पुष्करणी माणसांनी फुलून जाते. परंपरा काटेकोरपणे पाळणारे काहीजण वर्षाला ९६ तर्पणे करतात: बारा अमावास्या, बारा संक्रांती, महालयाचे सोळा दिवस आणि असेच आणखी ठरलेले दिवस. आणि अनेक घरांत रोजचा नियम असा, की शिजलेल्या भाताची पहिली मूद कावळ्याला. मग घरच्यांची जेवणे. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी तर बायका भावांच्या सुखासाठी कावळ्यांना रंगीत भाताच्या मुदी ठेवतात.

मावशी सांगत होती, "पुण्यात आम्ही वर्षातून एकदा कावळ्याची वाट बघायचो आणि तो आला नाही की जीव वरखाली व्हायचा. इथे तो रोज अकराला येतो. घरचाच झालाय."

तीन पिढ्यांचा हिशेब

श्राद्ध हा शब्द श्रद्धेवरून आला. जे श्रद्धेने करायचे ते श्राद्ध. तर्पण म्हणजे तृप्त करणे. जन्माला येताना माणूस देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे घेऊन येतो, ही कल्पना वेदकाळापासूनची. देवांना पाणी द्यायचे ते बोटांच्या टोकांवरून, पितरांना द्यायचे ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. देवकार्यात डाव्या खांद्यावर असलेले जानवे पितृकार्यात उजव्या खांद्यावर येते. नेहमीचा क्रम थोडा वेळ उलटा करायचा, म्हणजे आज काही वेगळे चालले आहे हे करणाऱ्यालाही जाणवते.

पण विधीचा गाभा नावांत आहे. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईच्या माहेरचे तीन पुरुष आणि त्यांच्या बायका. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. माणूस जितका लांबचा तितके त्याचे रूप व्यापक होत जाते. त्यानंतर काका, आत्या, मामा, मावशी, सासरे, गुरू, मित्र असे सगळे येतात आणि शेवटी ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठीही ओंजळभर पाणी सोडले जाते.

भाद्रपद वद्य पक्षातल्या तिथ्याही अशाच विचाराने वाटलेल्या आहेत. ज्या तिथीला माणूस गेला त्या तिथीला त्याचा महालय. सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी. संन्याशांसाठी द्वादशी. शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी. आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सगळ्यांसाठी सर्वपित्री अमावास्या. कुणी म्हणून सुटू नये, अशी ही व्यवस्था. दुसऱ्याच दिवशी, आश्विन शुद्ध प्रतिपदेला, मुलीचा मुलगा आपल्या आईच्या वडिलांचे श्राद्ध करतो.

नावे जपण्याचे वेड तंजावूरच्या मराठ्यांना राजघराण्यापासूनच होते. शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६च्या सुमारास तंजावूर घेतले आणि १८५५पर्यंत तिथे भोसल्यांचा वंश नांदला. त्यांच्यामागून गेलेली मराठी कुटुंबे तिथेच रुजली, पुढे कुंभकोणम, मद्रास अशी पसरली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव याच समाजातले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. भिंतीवर देवनागरी अक्षरांच्या ओळींमागून ओळी, पिढीमागून पिढी. त्याला दगडावरचे तर्पण म्हणावेसे वाटते.

राजांना दगड परवडतो. बाकीच्यांकडे वही असते आणि वही पाण्यात जाते.

पानात काय वाढायचे?

स्वयंपाकघरात दुसरा प्रश्न उभा होता. पुण्याच्या पद्धतीने करायचे की काकांकडच्या? मावशीच्या माहेरी श्राद्धाला तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूची भाजी, गवार, भेंडी, कढी, आमसुलाची चटणी. काकांकडच्या स्वयंपाकावर तिथल्या शेजाराचा हात फिरलेला. कच्च्या केळ्याची भाजी हवीच, हाडजोडीच्या वेलाची चटणी हवीच. आणि हिरवी मिरची अजिबात नाही, तिखटपणा सगळा मिऱ्याचा. बटाटा, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर यांना तर तमिळ घरांतल्या श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नाही. त्यांना 'इंग्रजी भाज्या' म्हणतात.

आधी मला हे सोवळ्याचे नसते अवडंबर वाटले. मग लक्षात आले, की मिरची, बटाटा, टोमॅटो हे तिन्ही पदार्थ अमेरिका खंडातले. पोर्तुगीज इथे आल्यानंतर, सोळाव्या शतकापासून ते आपल्याकडे शिरू लागले. त्यापूर्वी आपल्या पूर्वजांच्या जेवणात तिखट म्हणजे मिरेच होते. कुणी ठरवून केले नसेल, पण वर्षातून एक दिवस या घरांत पाचशे वर्षांपूर्वीची चूल पेटते. ज्यांना जेवायला बोलवायचे, त्यांना ओळखीची चव हवी ना!

आणि खरे तर श्राद्धाची सुरुवातच चवीपासून झाली, असे महाभारत सांगते. अनुशासनपर्वात एक कथा आहे. दत्तात्रेयाचा पुत्र निमी याचा मुलगा वारला. शोकाने वेडापिसा झालेल्या निमीने मुलाला आवडणारी फळे-मुळे, आवडीचे अन्न मनात आठवून गोळा केले, ब्राह्मणांना बोलावून जेवू घातले, दर्भ अंथरून मुलाचे नाव आणि गोत्र उच्चारून पिंड दिला. आणि मग तो घाबरला. हे आजवर कुणीच केले नव्हते. आपल्या हातून भलतेच काही झाले की काय, असे त्याला वाटले. तेव्हा कुळाचा मूळपुरुष अत्री त्याच्यापुढे आला आणि भिऊ नकोस, हा पितृयज्ञच आहे, असे सांगून त्याने निमीला धीर दिला.

म्हणजे पहिले श्राद्ध मुलाने बापाचे केलेले नाही. एका बापाने आपल्या मुलाचे केले आहे. त्यामागे ना पुण्याची अपेक्षा होती, ना पितरांच्या कोपाची भीती. गेलेल्या लेकराला काय आवडायचे हे आठवणे, ते करणे आणि त्याचे नाव घेणे, एवढेच होते. बाकीचा विधी त्याभोवती पुढे उभा राहिला.

मावशीने हे ऐकले आणि उठून फ्रिज उघडला. "त्यांना ओल्या नारळाच्या वड्या आवडायच्या," ती म्हणाली. "यादीत नाहीत. पण करणार आहे मी."

लेकीने करावे का?

संध्याकाळी काकांच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ आले. बोलणे प्रेमाचे, पण मुद्दा स्पष्ट होता. "मुलीनं कशाला? आमचा मुलगा करील की. पुतण्याच आहे. शास्त्राप्रमाणं होऊ दे."

माझी बहीण काही बोलली नाही. ती गुरुजींकडे बघत राहिली.

गुरुजी म्हणाले, "पुतण्या करू शकतो, त्यात चूक काहीच नाही. पण शास्त्राचं नाव घेऊन लेकीला उठवू नका. अधिकारी कोण, याची यादी ग्रंथात दिलेली आहे आणि तिच्यात लेक आहे."

ते खरेच आहे. महाराष्ट्रात ज्याचा आधार सर्वात जास्त घेतला जातो तो 'धर्मसिंधु' हा ग्रंथ काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी पंढरपुरात १७९०च्या सुमारास लिहिला. मुलगा, नातू, पणतू यांच्यानंतर कुणी करावे, याचा विचार त्यात आहे आणि तिथे पत्नी, कन्या, मुलीचा मुलगा यांना जागा आहे. म्हणजे मुलीला अधिकारच नाही, ही समजूत ग्रंथापेक्षा रूढीची. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली त्याला आता अनेक दशके झाली. ज्ञान प्रबोधिनीनेही स्त्री-पुरोहित तयार केल्या आणि अर्थ समजावून सांगत विधी करण्याची पद्धत रूढ केली. आज महाराष्ट्रात बापाचे श्राद्ध करणारी मुलगी ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

त्या गृहस्थांना ते पूर्ण पटले असे नाही. पण जाताना ते म्हणाले, "बरं, मी सकाळी येतो. पान वाढायला तरी माणूस हवं." आणि ते आले.

"अगं, ते माझंच नाव!"

पणजीच्या नावाचा प्रश्न मात्र तसाच होता. गुरुजींनी दिलासा दिला होता. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात, नाव ठाऊक नसेल तरी शास्त्राने वाट ठेवली आहे, कुणाचे पाणी अडत नाही. पण माझी बहीण ऐकेना. "बाबा दर महिन्याला ते नाव घ्यायचे. माझ्यापाशी येऊन ते थांबणार?"

रात्री तिने फोन लावायला सुरुवात केली. बंगलोर, तंजावूर, पुणे. पणजोबांचे नाव सगळ्यांना ठाऊक. ते कुठल्या कचेरीत होते, त्यांनी घर कधी बांधले, हेही ठाऊक. पणजी मात्र सगळ्यांची आज्जी. एकाने तर विचारले, "ते कशाला हवंय आता?"

साडेनऊच्या सुमारास कुंभकोणमला फोन लागला. काकांची सगळ्यांत थोरली चुलत बहीण तिथे राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, ऐकू कमी येते. घरात सगळे तिला चिन्नी म्हणतात. बहिणीने तीनदा ओरडून विचारले, "आत्या, तुमच्या आज्जीचं नाव काय होतं?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग हसण्याचा आवाज आला.

"अगं, ते माझंच नाव! मी थोरली नात ना, म्हणून आज्जीचंच नाव मला ठेवलं. पण सासूचं नाव घेऊन सुनेनं हाक कशी मारायची? म्हणून आईनं मला चिन्नी केलं. शाळेच्या दाखल्यावर बघ, तेच आहे."

पंच्याऐंशी वर्षे पणजीचे नाव घरातच होते. आदरापोटी कुणी ते उच्चारत नव्हते, इतकेच.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या घराचे आहे. पण बहिणीने ते पाकिटाच्या मागे लिहून घेतले तेव्हा मावशी जे बोलली ते सांगायला हवे. लग्नात मावशीचे नाव बदलले होते. माहेरचे एक, सासरचे एक. ती म्हणाली, "माझ्या वेळी कुठलं घेशील गं? दोन्ही लिहून ठेव."

जिवंतपणी काय?

श्राद्धावर टीका करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमीचा आहे आणि तो खरा आहे. जिवंतपणी आईबापांना विचारले नाही, मग मेल्यावर खीर-पुरी कशाला? आपल्या संतांनी हे खडसावून विचारले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये सत्यशोधक समाज काढला तोच मुळी मध्यस्थ भटजीशिवाय विधी व्हावेत, लोकांची लुबाडणूक थांबावी म्हणून. कर्ज काढून घातलेले श्राद्ध, पितृदोषाची भीती दाखवून उकळलेले पैसे हे आजही चालते. आणि गंमत अशी, की खर्चाची सक्ती परंपरेतही नाही. विष्णुपुराण सांगते, की ज्याला जमत नाही त्याने मूठभर तीळ द्यावेत, गायीला चारा घालावा. तेही नसेल तर रानात जाऊन हात वर करून माझ्यापाशी भक्तीशिवाय काही नाही, असे पितरांना सांगावे. तेवढ्यानेही ते तृप्त होतात.

पैठणच्या एकनाथांची कथा तर मराठी माणसाला सांगायला नको. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाच्या वासाने थांबलेल्या भुकेल्या अस्पृश्य कुटुंबाला नाथांनी ते अन्न वाढले. ब्राह्मण रुसून गेले. तेव्हा नाथांचे पितर स्वतः पानावर येऊन बसले, अशी कथा आहे. पितर कुठे जेवायला येतात, याचे याहून सरळ उत्तर कुठे मिळणार?

तंजावूरकरांनीही ते ओळखले होते. सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या स्मरणार्थ ओरत्तनाडूला छत्र बांधले, ते वाटसरूंना जेवू घालण्यासाठी. नाव गेलेल्या माणसाचे, घास जिवंत माणसाला.

दुसऱ्या दिवशी वेलचेरीच्या त्या फ्लॅटमध्ये माझी बहीण दक्षिणेकडे तोंड करून बसली. गुरुजी सांगत गेले, ती म्हणत गेली. वडील, आजोबा, पणजोबा. आजी. मग पणजीचे नाव आले. ते तिने जरा मोठ्यानेच घेतले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मावशीला ऐकू जावे म्हणून असेल.

गच्चीवर पान ठेवले. त्यात कच्च्या केळ्याची भाजी होती, उडदाचे वडे होते आणि कोपऱ्यात दोन नारळाच्या वड्या होत्या. अकराचा कावळा त्याच्या वेळेवर आला. त्याने आधी वडा उचलला.

दुपारी तिने नवी वही आणली. पहिल्या पानावर दोन रकाने आखले, पुरुषांचा एक आणि बायकांचा एक. बायकांच्या रकान्यात प्रत्येकीपुढे तीन जागा ठेवल्या: माहेरचे नाव, सासरचे नाव आणि काय आवडायचे. मग वहीच्या पानांचे फोटो काढून तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवले. पुन्हा पूर आला तरी सगळ्यांच्या वह्या एकदम बुडणार नाहीत.

विधी तुम्ही करा किंवा करू नका. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला एवढे जरूर विचारा: तुमच्या आजीचे नाव काय होते? आणि तिला काय आवडायचे? उत्तर मिळाले तर लगेच लिहून ठेवा.